बार कधी खायचा, हे आधी ठरवा

भोपाळच्या चार इमलीतल्या एकांत पार्कात सकाळी चाळीस मिनिटं फिरणारे गृहस्थ, आणि तिथून थोड्याच अंतरावर तात्या टोपे स्टेडियमवर त्याच वेळी दोन तास घाम गाळणारी सतरा वर्षांची मुलगी. या दोघांसाठी बाजारात आज एकच वस्तू आहे: तीळ, जवस, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया गुळात किंवा खजुरात बांधलेली वडी, वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘एनर्जी’. गृहस्थांना तिची गरज नसते. मुलीला गरज असते, पण ती वडी बहुतेक वेळा चुकीच्या घटकेला तिच्या पोटात जाते. असे बार करायला घेणारे लोक आता खूप आहेत. बचत गट आहेत, घरून पदार्थ करून विकणाऱ्या बाया आहेत, अन्नतंत्र शिकलेली मुलं आहेत, आणि त्यांची तळमळ खरी आहे. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. त्यांना परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही, पण एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. ‘यात आणखी कोणती बी घालू?’ हा प्रश्न दुसरा आहे. ‘हा बार खेळाडू नेमका कधी खाणार?’ हा पहिला. त्याचं उत्तर न देता केलेला बार कितीही पौष्टिक असला तरी खेळाडूला आडवा येतो.

याचं मूळ बीच्या स्वभावातच आहे. बी म्हणजे झाडानं आपल्या रोपासाठी बांधून ठेवलेली शिदोरी. ती महिनोन्महिने टिकावी, कीड लागू नये, पाखरांनी पळवू नये, एखाद्याच्या पोटातून गेली तरी शाबूत बाहेर पडावी, अशी तिची घडण असते. म्हणून तीळ-जवसासारख्या बियांतला साठा बव्हंशी तेलाच्या रूपात असतो. तेल हलकं पडतं आणि एका ग्रॅममागे ९ कॅलरी देतं, पिठूळ साठा फक्त ४. वर टरफल असतं. आत लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवणारं फायटेट असतं. तिळाच्या सालीत कॅल्शियमला बांधणारं ऑक्झलेट असतं, सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. नावातच चार चिंचा असलेल्या वस्तीत उदाहरण शोधायला लांब जायला नको. चिंचोका पाहा. कच्चा खाता येत नाही, भाजून, साल काढूनच तोंडात टाकता येतो, तोही दातांची परीक्षा पाहतो. त्याच्या पिठाची खळ करून कापडाला कडकपणा आणतात, इतका तो चिवट. तीळ-जवस चिंचोक्याइतके हट्टी नसतात, पण जात तीच. बीमधलं अन्न कुलपात असतं, आणि खेळाडूला मैदानावर लागतं ते उघड्यावरचं, हाताला चटकन येणारं अन्न.

आता हिशेब मांडून बघू, कारण या विषयात हिशेबाशिवाय बोललेलं सगळं वाऱ्यावरचं असतं. ४० ग्रॅमचा एक बार धरा. त्यात १० ग्रॅम तीळ, ८ ग्रॅम जवस, ६ ग्रॅम भोपळ्याच्या बिया, ४ ग्रॅम सूर्यफुलाच्या बिया आणि बांधायला १२ ग्रॅम गूळ. दिसायला देखणा, चवीला छान. तिळात आणि भोपळ्याच्या बियांत जवळपास निम्मं तेल असतं, सूर्यफुलाच्या बीत निम्म्याहून थोडं जास्त, जवसात शंभराला बेचाळीसच्या आसपास. सगळं मिळून या बारमध्ये साधारण १३ ग्रॅम मेद, ६ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम चोथा आणि पचून रक्तात उतरणारी कर्बोदकं फार तर १२ ग्रॅम. त्यातलीही दहाएक ग्रॅम एकट्या गुळाची. कॅलरी होतात सुमारे २००, आणि त्यातल्या दर दहामधल्या सहा मेदातून येतात. म्हणजे ‘एनर्जी’ आहे, खोटं काही नाही. पण ती कपाटातल्या मुदतठेवीसारखी आहे, खिशातल्या नोटेसारखी नाही.

आणि पळताना नोटच लागते. स्पर्धेच्या वेगानं होणारा व्यायाम मुख्यतः कर्बोदकांवर चालतो. स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा मर्यादित असतो, तो संपत आला की पाय शिशासारखे जड होतात. क्रीडापोषणाचे आज सर्वमान्य असलेले आकडे असे आहेत: पाऊण-एक तासापर्यंतच्या व्यायामात मध्येच काही खाण्याची गरज नसते. एक ते अडीच तासांच्या जोरकस व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं उपयोगी पडतात. त्याहून लांब चालणाऱ्या प्रकारांत, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळत असतील तर, तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. आता वरच्या बारमधून कमीत कमी ३० ग्रॅम मिळवायचे तर अडीच बार खावे लागतील. त्याबरोबर पोटात जाईल ३३ ग्रॅम मेद आणि १० ग्रॅम चोथा, भर पळण्यात. मेदामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. त्यात जोराच्या व्यायामात रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे आणि कातडीकडे वळलेलं असतं, आणि भोपाळच्या मे महिन्यात ते कातडीकडे आणखीच जास्त वळतं. मग मळमळ, पोटात गोळा, बाजूला कळ. खेळाडूला वाटतं आज आपला दिवस नव्हता. दिवस ठीक होता, वडी चुकीच्या वेळी खाल्ली होती.

एनर्जी बार जन्माला आले तेव्हा ही गोष्ट करणाऱ्यांना पक्की ठाऊक होती. कॅनडाचा मॅरेथॉनपटू ब्रायन मॅक्सवेल १९८३ मध्ये एका शर्यतीत एकविसाव्या मैलाच्या सुमाराला पार गळून गेला. त्यातून त्यानं शोध सुरू केला आणि १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ‘पॉवरबार’ची कंपनी काढली. तो पहिला बार चवीला फारसा कोणाला आवडण्यासारखा नव्हता, पण त्याची रचना विचारपूर्वक होती: कर्बोदकं भरपूर, मेद जेमतेम, प्रथिनं बेताची. ‘एनर्जी बार’ हा शब्द ज्या वस्तूसाठी रूढ झाला ती वस्तू अशी होती. पुढे दुकानांच्या फळ्यांवर न्याहारीचे बार, वजन कमी करायचे बार, सुकामेव्याचे बार सगळे त्याच नावाखाली येऊन बसले. शब्द तोच राहिला आणि आतला माल उलटा झाला. आपल्याकडे बियांचे बार आले ते या उलट्या झालेल्या काळात, त्यामुळे मूळ कारण आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

भोपाळचं क्रीडाविश्व डोळ्यांपुढे ठेवलं तर ‘खेळाडूंसाठी बार’ हा शब्दप्रयोगच किती ढोबळ आहे ते कळतं. बिशनखेडीच्या शूटिंग अकादमीतल्या नेमबाजाला (याच शहरात मार्च २०२३ मध्ये विश्वचषक स्पर्धा झाली) तासन्‌तास स्थिर उभं राहायचं असतं. त्याला भूक जाणवू नये, हात थरथरू नये, पोट जड वाटू नये इतकंच हवं. तलावातल्या रोइंगपटूची २००० मीटरची शर्यत काही मिनिटांत संपते, तिच्या मधोमध खाण्याचा प्रश्नच येत नाही. पण दिवसातून दोनदा होणाऱ्या सरावाच्या मधल्या वेळेत त्याला भरपूर खावं लागतं. हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, मधल्या विश्रांतीत चार घास. लांब पल्ल्याचा धावपटू आणि सायकलपटू हेच काय ते खेळता खेळता खाणारे. या सगळ्यांना एकच बार विकणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे बूट विकणं. मला वाटतं, करणाऱ्यानं यातला एक खेळाडू आणि त्याच्या दिवसातली एक घटका निवडावी, आणि बाकीच्यांसाठी तो बार नाही हे मोकळेपणानं सांगावं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा, की आपले पूर्वज तिळगूळ, शेंगदाण्याचा लाडू, भाकरी आणि जवसाची चटणी बांधून मैलोन्‌मैल चालले, त्यांना कोणी ग्लायकोजेन शिकवलं नव्हतं. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला बराचसा भाग खराही आहे. वारकरी आळंदीहून पंढरीला साधारण अडीचशे किलोमीटर चालतो, पण ते अंतर तो अडीच-पावणेतीन आठवड्यांत काटतो. त्या संथ गतीत शरीर मेदावर छान चालतं. नांगरामागे दिवसभर चालणाऱ्याचंही तसंच. गती वाढली की गणित बदलतं. जोर जसा वाढतो तसा मेदाचा वाटा घटतो आणि कर्बोदकांचा वाढतो, कारण तेवढ्याच प्राणवायूत कर्बोदकं जास्त काम देतात. म्हणून सह्याद्रीत दोन दिवस भटकणाऱ्याला, सातपुड्यात पाठीवर बोजा घेऊन चढणाऱ्याला बियांचा बार मी खुशाल देईन, त्याच्यासाठी तो उत्तम आहे. चारशे मीटरच्या ट्रॅकवर वेगाचे फेरे मारणाऱ्या मुलाला नाही. तिळगुळाचा काळही बघा: संक्रांत, थंडी, शरीराला ऊब हवी असलेले दिवस. परंपरेनं पदार्थ दिला तो वेळेसकट दिला, आपण वेळ गाळून पदार्थ तेवढा उचलला.

याच आक्षेपाचं नवं रूप म्हणजे ‘शरीराला मेदाची सवय लावा, मग कर्बोदकं लागत नाहीत.’ याची नीट परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्रीडापोषणतज्ज्ञ लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना काही आठवडे कमी कर्बोदकांच्या, जास्त मेदाच्या आहारावर ठेवून पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरानं मेद जाळण्याचं प्रमाण खरोखर खूप वाढलं, पण तेवढ्याच वेगासाठी प्राणवायू जास्त लागू लागला आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांची वेळ सुधारली नाही. कर्बोदकं खाणाऱ्या गटांची सुधारली. सवय लागते, पण शर्यत जिंकायला ती उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप साखरेचा. आई-वडील आणि प्रशिक्षक दोघंही विचारतात, की तुम्ही मुलांना गोड खायला सांगता? एरवी दिवसभर गोड खाऊ नये हे अगदी मान्य. पण तासाभराच्या मेहनतीनंतर, मेहनत चालू असतानाच, घेतलेली साखर स्नायू तिथल्या तिथे उचलतात. त्या वेळची साखर आणि टीव्हीपुढची साखर यांना एकाच तागडीत टाकता येत नाही. मात्र या भीतीमुळे दोन खोट्या समजुती बारच्या वेष्टनांवर चढल्या आहेत, त्या उतरवायला हव्यात. एक, गूळ म्हणजे साखर नव्हे. गूळ शंभराला पंच्याऐंशीच्या आसपास कर्बोदकंच असतो, आणि ती बहुतेक तीच उसाची साखर. त्याची चव, त्याचा बांधणारा गुण, त्यातलं थोडंफार खनिज, हे सगळं चांगलं आहे आणि मलाही गूळच आवडतो, पण तो काही साखरेचा विरुद्धार्थी शब्द नाही. दुसरी, खजुराचा गर घातला की ‘साखर घातलेली नाही’ असं छापता येतं. दाव्यांविषयीचे भारतीय नियम साखरेच्या जागी गोडीसाठी घातलेल्या सुक्या फळांच्या गरालाही त्यातून सूट देत नाहीत. छापण्याआधी वाचून घ्यावेत.

मग व्यायामातला बार कसा असावा? प्रमाण उलटं करायचं. १४ ग्रॅम कुरमुरे, १४ ग्रॅम गूळ, ६ ग्रॅम खजूर, ६ ग्रॅम भाजलेले तीळ. तेवढ्याच ४० ग्रॅममध्ये आता सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम मेद आणि दीड ग्रॅमच्या आत चोथा येतो. कॅलरी दीडशेच्या आसपास, म्हणजे पहिल्या बारपेक्षा कमीच, पण हाताला लगेच येणाऱ्या. बी इथे चवीपुरती आणि खुसखुशीतपणापुरती उरते. बियांच्या बारचं स्वप्न घेऊन आलेल्याला हे ऐकून वाईट वाटतं, मला कळतं. त्याला माझं सांगणं, बिया टाकून देऊ नकोस, त्यांची जागा बदल.

ती जागा म्हणजे दोन जेवणांमधली वेळ, आणि तिथे बीला तोड नाही. वसतिगृहात राहून दोनदा सराव करणाऱ्या मुला-मुलींची, विशेषतः वाढीच्या वयातल्या मुलींची, खरी अडचण मैदानावर काय खातात यापेक्षा दिवसभरात पुरेसं खातात का ही असते. खर्चाच्या मानानं आहार सतत तोकडा पडला की पाळी चुकते, हाडं कमजोर होतात, दुखापती सरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधलं. अशा मुलीला कमी आकारमानात जास्त कॅलरी देणारा, चांगला मेद आणि खनिजं देणारा बार सरावानंतर दुपारी चार वाजता मिळाला तर तो औषधासारखा आहे. तिथे १३ ग्रॅम मेद हा दोष राहत नाही, गुण होतो. फक्त तिथेही कुलपाची आठवण ठेवावी. तिळातलं लोह कागदावर भरघोस दिसतं, पण फायटेट ते सहजी सोडत नाही. बारमध्ये आवळ्याचा कीस किंवा बारबरोबर लिंबूसरबत असेल तर शोषण सुधारतं, आणि लगेच वर चहा घेतला तर बिघडतं. आणि प्रथिनांची बढाई मारू नये. सरावानंतर एका वेळी २०-२५ ग्रॅम प्रथिनं हवीत असं शास्त्र सांगतं, तेवढी आपल्या बियांच्या बारमधून काढायला चार बार आणि ८०० कॅलरी लागतील. शिवाय तिळाच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं. ते डाळींत आणि सोयाबीनमध्ये भरपूर असतं, म्हणून तिळाला फुटाण्याच्या डाळ्याचं किंवा सोयाच्या पिठाचं पाठबळ द्यावं. सोयाबीन मध्य प्रदेशात मुबलक आहे, पण कच्चं सोयापीठ घालणं ही घातक घाई. ते नीट उष्णता दिलेलंच हवं. ही प्रक्रिया शिकायला भोपाळकराला कुठे जायला नको. बैरसिया रस्त्यावरच्या नबीबाग इथल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाप्रक्रियेवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे बारबरोबर एक पेला दूध. बारनंच सगळं करावं हा हट्ट सोडला की पुष्कळ प्रश्न मिटतात.

आता जवस, इकडची अलसी. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बियांच्या बारमधली सगळी अडचण या एका बीत एकवटली आहे. जवसातल्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ज्याला लोक ओमेगा-३ म्हणतात ते. अख्खा जवस बारमध्ये घातला तर त्याची गुळगुळीत साल चावण्यातून निसटते आणि बी बरीचशी जशीच्या तशी बाहेर पडते. वेष्टनावर ओमेगा-३, पोटात काही नाही. म्हणून जवस दळायचा. पण दळला की कुलूप सगळ्यांसाठीच उघडतं, हवेसाठीसुद्धा. जवसाचं तेल चित्रकार आणि रंगारी शतकानुशतकं वापरत आले ते याच गुणासाठी: ते हवेतला प्राणवायू ओढून घेऊन आपोआप घट्ट होतं, वाळतं. जो गुण रंगात हवा तोच बारमध्ये नको. दळलेला जवस, त्यात भाजण्याची उष्णता, वर चाळिशी ओलांडणारा भोपाळचा उन्हाळा, टेम्पोतला प्रवास आणि दुकानाच्या काचेमागची उन्हाची तिरीप. काही आठवड्यांत बारला ऑइल पेंटसारखा वास यायला लागतो आणि घशात कडवटपणा राहतो. खवट बार खाणारा खेळाडू तो पुन्हा घेत नाही हे नुकसान छोटं, खवट झालेलं तेल रोज पोटात जाणं हे मोठं. बरं, शरीर या ओमेगा-३ चं माशांतल्या प्रकारांत रूपांतर करतं ते फारच थोडं, त्यामुळे एवढा आटापिटा करून हाती येणारा लाभही वेष्टनावर दिसतो तेवढा नसतो. माझं स्पष्ट मत आहे की जवस बारमधून काढावा आणि आपल्या जुन्या जागी, चटणीत, ठेवावा. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून, आठवड्यापुरतीच कुटलेली, घट्ट झाकणाच्या बरणीतली जवसाची चटणी भाकरीवर तेलाबरोबर घेतली तर बी उघडलेलीही असते आणि ताजीही. विदर्भ-मराठवाड्यातल्या बायकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. बारमध्ये तीळ घ्यावेत. त्यांच्या तेलाला स्वतःचे राखणदार असतात, सिसॅमॉलसारखे, त्यामुळे ते खवटपणाला बराच काळ दाद देत नाहीत.

पण तिळाबाबत दुसरी सावधगिरी आहे. कोरड्या वडीत जंतू वाढत नाहीत, हे खरं. वाढत नाहीत म्हणजे मरतात असं मात्र नाही. साल्मोनेला तीळ-शेंगदाण्यासारख्या कोरड्या, तेलकट पदार्थांत महिनोन्महिने तग धरतो, आणि तिथे तो उष्णतेलाही जास्त चिवट असतो. अमेरिकेत २००८-०९ मध्ये एका कंपनीच्या पीनट बटर आणि दाण्याच्या पेस्टमधून ७०० हून अधिक लोक आजारी पडले, ९ दगावले, आणि ते पदार्थ वापरणारी हजारो उत्पादनं परत मागवावी लागली. त्यांत खाऊचे बारही होते. या जंतूच्या धास्तीनं केलेला दुसरा उपाय आपल्यालाच भोवला: सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड या धुरीच्या वायूचे अंश युरोपात सापडले, आणि तिथली बिस्किटं, पाव, बार दुकानांतून काढून घेतले गेले. छोट्या उत्पादकानं यातून घ्यायचं ते असं की तीळ कुठून आले, कशानं साफ केले हे विचारल्याशिवाय पोतं उचलू नये, प्रत्येक बी वेगवेगळी आणि सारखी भाजावी (तीळ होतात तेव्हा भोपळ्याची बी अजून कच्ची असते), आणि भाजलेलं सामान कच्च्या सामानाच्या ताटात, कच्च्या सामानाच्या उलथन्यानं कधीही पसरू नये. घरच्या स्वयंपाकघरात हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण भाजलं म्हणजे शुद्ध झालं असं आपण धरून चालतो. आणि तीळ छोट्या अक्षरांत लपवू नयेत. काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. अमेरिकेनं १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला आहे. आपला कायदा काहीही म्हणो, आपण ठळक लिहावं.

आता ज्या एका बीबद्दल मला सर्वांत जास्त बजावून सांगायचं आहे ती: खसखस. मंदसौर-नीमच हा देशातला अफूच्या कायदेशीर लागवडीचा पट्टा याच राज्यात, त्यामुळे उत्तम खसखस इथे सहज मिळते, आणि डिंकाच्या लाडवांत ती घालायची आपली रीत असल्यामुळे बारमध्येही हात आपसूक सढळ सुटतो. खसखशीच्या दाण्यात स्वतः नशा नसते, पण बोंडाच्या चिकाचे अंश त्याला लागलेले असतात, आणि पुरेशी खसखस खाल्ली तर लघवीत मॉर्फिन सापडू शकतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत मॉर्फिन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, मर्यादा एका मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम. या नियमांत शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून कोणी सुटत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर आपल्याकडेही ही व्यवस्था कायद्याच्या बळानं चालते. हीच काळजी भांगेच्या झाडाच्या बियांची. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरावीक मर्यादेत त्या अन्न म्हणून मान्य केल्या आहेत, आणि सामान्य ग्राहकासाठी ते ठीक असेल. पण बीभोवतीच्या फुलोऱ्याचा चीक बीला किती लागला आहे हे छोट्या उत्पादकाला प्रयोगशाळेशिवाय कळायला मार्ग नाही. बाजारात मान्य आणि खेळाडूला निर्धोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका चमचाभर दाण्यांच्या खमंगपणासाठी कोणाच्या पोरीची चार वर्षांची मेहनत पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. खसखस वगळा, भांगेच्या बिया वगळा, आणि वगळल्याचं वेष्टनावर लिहा.

करण्याच्या कृतीबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात आपल्या बायकांना शिकवण्यासारखं फार नाही. गुळाचा पाक पुढे गेला आणि थेंब पाण्यात पडून टणकन वाजला की चिक्की होते. कोरड्या तोंडानं पळणाऱ्याच्या दातात ती अडकते, तिचे कण घशात जातात. बारसाठी पाक मऊ गोळीवरच उतरवावा, म्हणजे थेंब पाण्यात बोटांनी दाबला तर दबेल इतका. मऊ पाकाचा बार पावसाळ्यात पाणी ओढतो आणि चिकटतो, म्हणून जून ते सप्टेंबर घाणे लहान काढावेत आणि वेष्टन हवाबंद असावं. बी उघडण्याची आणखी एक रीत मुरैनाच्या गजकवाल्यांकडून घ्यावी. ते भाजलेले तीळ आणि पाक एकत्र कुटून कुटून पापुद्रे पाडतात, त्यामुळे दाणा फुटतो आणि जिभेवर विरघळतो. २०२३ मध्ये त्या गजकला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. फुटलेल्या दाण्याचा मऊ बार तरुण खेळाडूंना चावायलाही सोपा जातो.

विकण्याआधी दोन परीक्षा. पहिली टिकण्याची: जी तारीख छापणार त्या तारखेपर्यंत बार मे महिन्यातल्या साध्या कपाटात ठेवायचा, फ्रिजमध्ये नाही, आणि दर आठवड्याला एक उघडून वास घ्यायचा, चाखायचा. दुसरी पोटाची: काही खेळाडूंनी तो किमान तीन आठवडे सरावात, स्पर्धेच्या दिवशी ज्या वेळी खाणार त्याच वेळी, पेलाभर पाण्याबरोबर खायचा आणि काय वाटलं ते प्रशिक्षकाच्या वहीत लिहायचं. नवा बार स्पर्धेच्या दिवशी कोणाच्याही हातात देऊ नये, फुकटसुद्धा. आतडंही सरावानंच शिकतं. आणि वेष्टन छापताना कॅलरी, प्रथिनं, मेद यांच्या तक्त्यावर एक ओळ जास्तीची टाकावी. कुरमुऱ्यांच्या बारवर ‘व्यायाम चालू असताना, पाण्याबरोबर’. बियांच्या बारवर ‘सरावानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये, स्पर्धेआधीच्या तीन तासांत नको’. ती ओळ ‘एनर्जी’ या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावी.